तुम्ही विचारलंत म्हणून: नारळीकर कुठून सुरू करायचे?

‘ग्रंथ तुमच्या दारी’ या वाचन-उपक्रमाची पुस्तकांची पेटी आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत माझ्याकडे असते. त्यामुळे जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही कुणी ना कुणी विचारतं, “काका, जयंत नारळीकर वाचायचेत. आधी विज्ञानकथा घेऊ की लेख?” डिसेंबर 2021 मध्ये आपल्या नाशिकला 94वं साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, पण तेव्हापासून विचारणारे वाढले. मे 2025 मध्ये ते गेले, तेव्हा तर रोज कुणीतरी विचारायचं.

आधी गोष्ट घ्या. आणि गोष्टींत ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. का जिंकलं? तर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली. तिळाएवढा फरक, बस्स. बाकी सगळं नारळीकर त्या एका फरकातून ओळीने काढत जातात, मनाला येईल तसं काही घुसडत नाहीत. ही गोष्ट नाशिककराने वाचावी असं मला फार वाटतं. विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई शेवटची वर्षं इथेच, गंगापूरला गोदेकाठी राहिल्या. एक गोळी चुकली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या माउलीच्या मनात किती वेळा आला असेल! पुस्तक मिटल्यावर मी बराच वेळ त्यांचाच विचार करत होतो.

मुलांसाठी विचारत असाल तर ‘उजव्या सोंडेचा गणपती’ द्या, आणि सोबत ट्रेसिंग पेपरची एक लांब पट्टी. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवायची. त्यावर उजव्या हाताच्या पंजाचं चित्र काढायचं आणि तेच चित्र थोडं थोडं पुढे सरकवत गिरवत जायचं. पट्टीची एक फेरी पुरी होते तेव्हा पंजा डावा झालेला असतो! आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने दोनदा पुसून पुन्हा काढून पाहिलं. गोष्टीतली उजव्या-डाव्याची अदलाबदल कशावर उभी आहे, ते तिला मी समजावून सांगायची गरजच उरली नाही.

कथांमधली माणसं थोडी पातळ आहेत, हे मात्र खरं. बऱ्याचदा ती एकमेकांना कल्पना समजावून सांगण्यासाठीच आलेली वाटतात. ज्याला माणसांच्या मनात खोल उतरायचंय त्याने ‘चार नगरांतले माझे विश्व’ हातात घ्यावं. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार याच आत्मचरित्राला मिळाला. त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत गेली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी करून घेतली होती, आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. तोवर पद्मभूषण मिळालेला माणूस हा! मोठ्या नावाचा वशिला आपल्याच कथेला लागू नये, एवढी काळजी घेणाऱ्या माणसाचे लेखही तसेच आहेत.

त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेली फलज्योतिषाची चाचणी घ्या. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. बरोबर उत्तरं सुमारे 46 टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. कुणाची टिंगल नाही, मोजून पाहिलं आणि सांगितलं. गोष्टीत एकच गोष्ट बदलून बाकीचं नियमाने चालू देणारा आणि इथे मोजून पाहणारा माणूस एकच आहे. म्हणून ‘कथा की लेख’ अशी वाटणी मला पटत नाही. एक कथा, मग एक लेख, असं वाचत जा.

लेखांत ‘आकाशाशी जडले नाते’ आधी. सलग वाचायचा आग्रह नको, हवं ते प्रकरण उघडा. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, गुरू सिंह राशीत आला हे घराघरात बोललं जाईल. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे 12 वर्षं लागतात, म्हणून तो तेवढ्याने परत सिंहेत येतो. घाटावर पोरांनी विचारलं तर हे त्यांना सांगता यायला हवं. सध्या हे पुस्तक दुसऱ्या मजल्यावर गेलंय. ‘चार नगरांतले’ पेटीतच आहे, संध्याकाळी सहानंतर या.