आमची वाटचाल : दादरचं रेकॉर्डचं दुकान आणि ब्रूबेकचा शनिवार

वडलांनी सत्तरच्या दशकात दादर पश्चिमेला दुकान टाकलं तेव्हा पाटीवर रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर रिपेअर एवढंच होतं. मग कॅसेट आली, सीडी आली, मोबाईल आला, दरवेळी आजूबाजूचे म्हणायचे आता बास करा, पण वडलांचं एकच, ज्याच्या घरी प्लेअर आहे त्याने पिन बदलायला जायचं कुठे? त्यावर दुकान चालू राहिलं, जेमतेम का होईना. मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा लोक रेकॉर्ड किलोवर भंगारात देत होते, आम्ही त्यातल्या चांगल्या निवडून घ्यायचो, नाट्यसंगीत, भावगीतं, जुनी हिंदी गाणी, आणि गठ्ठ्यात मधेच जॅझच्या एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, निघायच्या, बहुतेक वांद्रे, माहीम नाहीतर पारशी कॉलनीतल्या घरातून आलेल्या. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, त्या खालच्या फळीवर राहायच्या.

५ डिसेंबर २०१२ ला जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक अमेरिकेत वारले. दुसऱ्या दिवशी ९२ वर्षांचे झाले असते. आपल्याकडे बहुतेकांना कळलं ते ६ तारखेला, आणि ६ डिसेंबरला दादर कसं असतं ते मुंबईकराला सांगायला नको, चैत्यभूमीला येणाऱ्या माणसांनी सगळे रस्ते भरलेले, आम्ही नेहमीसारखं दुकानाबाहेर पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं, त्या दिवशी धंद्याचा विचार कोणी करतच नाही. त्या गर्दीतून वाट काढत एक पारशी काका आले आणि ब्रूबेकची 'टाईम आऊट' ही एलपी आहे का विचारलं. खालच्या फळीवर होती. कव्हरला बुरशीचे ठिपके, पण तबकडी स्वच्छ. त्यांना विकत नको होती, घरी होती त्यांच्याकडे, पण प्लेअर बंद पडलेला आणि त्यांना ती आजच ऐकायची होती. मी लावली. काका स्टुलावर बसून दोन्ही बाजू ऐकून गेले. १९५८ मध्ये ब्रूबेक मुंबईत आले होते तेव्हा काका कॉलेजात होते आणि त्यांनी समोर बसून ऐकलं होतं, हे जाताना सांगितलं.

त्यांनी कोणाकोणाला फोन केले माहीत नाही, पण पुढचे काही दिवस माणसं येत राहिली. माहीमचे एक रिटायर्ड व्हायोलिनवादक आले, आयुष्य सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलेले. इंजिनिअरिंगची दोन पोरं आली. आणि शिवाजी पार्कचे आमचे तबल्याचे सर, जे खरं तर स्वतःचा प्लेअर न्यायला आले होते, ते त्याच एलपीवरचं 'टेक फाईव्ह' लागल्यावर थांबले आणि काऊंटरवर बोटांनी वाजवायला लागले. पाच मात्रा, तीन आणि दोन. सर म्हणाले, झपताल सुरुवातीपासून मोजलास तर दोन-तीन आहे, तिसऱ्या मात्रेपासून मोज, धी धी ना, ती ना, झालं की नाही तीन-दोन? आणि त्यांनी ते पूर्ण गाणंभर वाजवलं, ड्रमच्या सोलोतसुद्धा सोडलं नाही, व्हायोलिनवाले काका टाळी देत होते आणि ती पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. मी इतकी वर्षं रेकॉर्ड विकतोय, पण एक रेकॉर्ड चार अनोळखी माणसांना असं एकत्र बसवते हे पहिल्यांदा बघितलं.

त्या गप्पांतूनच मी शिकलो. 'टेक फाईव्ह' ब्रूबेकचं नाहीच, त्यांच्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडचं, डेझमंड १९७७ मध्ये गेला आणि त्याची रॉयल्टी रेडक्रॉसला ठेवून गेला. त्या ५८ च्या दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांचं काहीतरी वाजवताना ब्रूबेकनी ऐकलं आणि त्यातून 'टाईम आऊट'वरचं 'ब्लू रोंडो' आलं. मुंबईत ते सितारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसले होते. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट, त्यांचा बेसवाला यूजीन राईट कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांनी त्याला बदला सांगितलं, तर ब्रूबेकनी कार्यक्रम सोडले, पण माणूस बदलला नाही. असा माणूस गेल्यावर लोकांना एकत्र बसावंसं वाटणारच.

पुढच्या वर्षी काकांनीच विचारलं, यंदा पण लावणार ना? तेव्हापासून ६ डिसेंबरनंतरचा शनिवार ठरलेला, संध्याकाळी शटर अर्धं ओढून रेकॉर्ड लावतो. धंदा बदलला तो इथूनच. येणाऱ्यांनी घरचे बंद प्लेअर आणले, कोणाचा बेल्ट सैल, कोणाच्या मोटरचं तेल सुकलेलं, स्पीड कमी झाला की पियानो बेसूर लागतो आणि लोकांना वाटतं रेकॉर्डच खराब आहे. पिन बदलणं, स्पीड लावून देणं, डिस्टिल्ड वॉटरने रेकॉर्ड धुणं, पावसाळ्याआधी कव्हरं सुकवून देणं, आज निम्म्याहून जास्त धंदा याचा आहे. २०१६ मध्ये काळाघोड्याचं रेकॉर्ड-सीडीचं दुकान ऱ्हिदम हाऊस बंद झालं तेव्हा तिथली काही मंडळीही आमच्याकडे यायला लागली. भाचा इन्स्टाग्राम बघतो, पुण्या-कोल्हापूरहून ऑर्डर येतात.

फोन मात्र जास्त येतात ते वडील गेले, त्यांच्या रेकॉर्ड आहेत, घेता का, असे. आमचा नियम आहे, त्या घरी जाऊन आधी एक बाजू लावायची, भाव नंतर. पुष्कळदा लावल्यावर घरचे म्हणतात, ही राहू द्या. राहू देतो. पारशी काकांची मुलगी पण तेच म्हणाली, त्यांची 'टाईम आऊट' तिच्याकडेच आहे आणि प्लेअर आम्ही नीट करून दिलाय.

सध्या आम्ही 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया'ची बरी कॉपी शोधतोय, त्याच दौऱ्यावरून केलेली एलपी आहे, त्यात 'कलकत्ता ब्लूज' आहे, आणि या डिसेंबरला तीच लावायची इच्छा आहे. कोणाच्या माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा दुकानात आणा, विकायची नसेल तरी चालेल, ऐकून परत देऊ.