हिंदीचे सर आणि मुक्तिबोध

आमच्या वर्गात हिंदीला फारशी किंमत नव्हती. हुशार पोरं संस्कृतकडे वळायची, कारण तिथे मार्क पडायचे. उरलेल्यांचं म्हणणं, हिंदी काय, बर्डीच्या बाजारात रिक्षावाल्याशी रोज बोलतोच की! आपल्याला हिंदी येते हा नागपूरकराचा जुना गैरसमज. आमचे सर तो पहिल्याच निबंधात लाल शाईने दूर करायचे.

जानेवारी १९७५ मध्ये पहिलं विश्व हिंदी संमेलन नागपुरात भरलं, तेव्हा मी नववीत होतो. त्या वाऱ्यात सरांनी पाठ्यपुस्तक काही दिवस मिटूनच ठेवलं. प्रेमचंद, निराला यांच्यावर त्यांचा जीव होताच, पण त्यांना सांगायचं होतं ते घरात मराठी बोलून हिंदीत लिहिणाऱ्यांबद्दल.

आधी आले माधवराव सप्रे. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढणारे, पुढे नागपुरातून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक चालवणारे, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे. त्यांची १९०१ सालची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा सरांनी वाचून दाखवली. झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराकडे म्हातारी चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली जरा उचलून द्या म्हणते. ती त्याला हलत नाही. इथे सरांनी कोपऱ्यातली केराची टोपली दोन्ही हातांनी ओढत असा काही चेहरा केला की शेजारचा वर्ग डोकावला. हिंदीतली पहिली कथा हीच की दुसरी, यावर विद्वानांचं भांडण आहे. सरांचा कौल अर्थातच सप्र्यांना.

मग मुक्तिबोध. गजानन माधव हे नाव ऐकून आम्हाला वाटलं, मराठी कवी असणार. मराठीत लिहायचे ते त्यांचे भाऊ शरच्चंद्र, हे हिंदीत. १९४३ च्या ‘तार सप्तक’ या कवितासंग्रहातल्या सात कवींत दोघं मराठी घरातले, हे आणि प्रभाकर माचवे. १९४८ ते १९५८ मुक्तिबोध नागपुरात होते. आकाशवाणीत नोकरी, ‘नया ख़ून’ साप्ताहिकात लेखन, आणि पैशांची कायम ओढाताण.

सरांनी त्यांची ‘अंधेरे में’ ही कविता काढली. मध्यरात्री शहरातून मिरवणूक निघते. बँड, फौज, आणि त्यांच्या रांगेत गावातले प्रतिष्ठित: मंत्री, उद्योगपती, विद्वान, कवी, सोबत डोमाजी उस्ताद हा कुख्यात खुनी. पुढे टिळकांचा दगडी पुतळा थरथरतो आणि त्याच्या नाकातून रक्त वाहू लागतं. आमच्यातली बरीच पोरं महालातल्या टिळक पुतळ्यावरून सायकल मारत शाळेत यायची. ‘सर, तोच का हो?’ कुणीतरी विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या संध्याकाळी मी पुतळ्यापाशी थांबून नाक नीट बघून घेतलं!

ही कविता मला आजही पूर्ण कळते असं नाही. मध्ये मध्ये ती फार लांबते, हेही सरांची क्षमा मागून म्हणतो. पण त्या मिरवणुकीतली माणसं नंतर नोकरीत, समित्यांत इतक्यांदा भेटली की ओळख पटायला वेळ लागला नाही.

११ सप्टेंबर १९६४ ला मुक्तिबोध दिल्लीत वारले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला कवितासंग्रह त्यानंतर निघाला, त्यांना तो पाहता आला नाही. १९८० साली आलेल्या ‘मुक्तिबोध रचनावली’चे सहाही खंड मी शाळेच्या वाचनालयाला देतो आहे. ग्रंथपालांना एवढीच विनंती, ते कुलपाच्या कपाटात ठेवू नका. एखादा खंड परत आला नाही तर कळवा, दुसरा आणून देईन.