कोयनेच्या खोऱ्यात तुटलेले खडक कसे बघायचे

कराडवरनं सकाळी लवकर निघालो, पाटणला चहा-वडापाव, मग कोयनानगर आणि पुढं कुंभार्ली घाट. सोबतच्या पोरांना हिमालयाच्या फोटोत असतात तशा खडकाच्या वळ्या बघायच्या होत्या, तर आधीच सांगतो, त्या इथं मिळणार नाहीत. आपला सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर आणि ते अजून जवळजवळ आडवेच आहेत. खडक वाकायला खोलातली उष्णता, वरचं ओझं आणि सावकाश येणारा दाब लागतो. गरम गूळ दाबला की वाकतो, गार ढेप फुटते, तसा वरचा गार बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला खडक) फुटतोच.

घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन थरांच्या मधे कुठंकुठं लाल मातीचा पट्टा दिसतो, त्याच्यावर नजर ठेवा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पट्टा एकाच लेव्हलला असेल तर बहुतेक नुसती फट, वरखाली झाला असेल तर भ्रंश, म्हणजे भेगेवर खडक सरकलाय. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला जो ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला त्यात खडक एकमेकांना घासत आडवे सरकले, आणि थरही आडवेच, मग पट्ट्यावरनं अशी सरक कळणार कशी? अशा वेळी भेगेच्या उघड्या बाजूवर खडक घासून पडलेले ओरखडे शोधायचे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की उठून दिसतात, बोट एका दिशेनं सहज सरकतं आणि उलटं फिरवलं की अडकतं. खांबांसारख्या उभ्या भेगा मात्र लाव्हा गार होताना आकसून पडल्यात, त्या भूकंपाच्या समजू नका.

खरी मोडतोड पायाखाली काही किलोमीटरवर आहे. इथल्याच गोठणे गावाला ३ किलोमीटर खोल बोअर मारला तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागला, आणि इथले बहुतेक भूकंप त्याच ग्रॅनाइटमधले. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी भेगांतनं मुरतं, खाली पाण्याचा दाब वाढतो आणि घट्ट धरून बसलेल्या दोन बाजूंची पकड सैल होते. ताण मुळातला, धरण निमित्त झालं. सगळा दोष धरणावर टाकणारे आणि धरणाचा काही संबंधच नाही म्हणणारे, दोघंही मला अर्धवट वाटतात.

आता जाणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात दरडी पडतात, कड्याखाली अजिबात थांबू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, गवत वाळलेलं असतं आणि खडक मोकळा दिसतो. कराड-चिपळूण एसटी कोयनानगरवरनंच जाते पण घाटात मधेच उतरायचं तर स्वतःची गाडी बरी, ती वळणावर लावू नका. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, नेहरू उद्यानातनं धरण छान दिसतं. हातोडा घरी ठेवा, ओरखड्यांची जागा फोडली की पुढच्याला काय दिसणार? कोयनानगरात कुणी वयस्कर भेटले तर ६७ सालचं जरूर विचारा, पण जपून, त्यात लोकांची घरं गेली, माणसं गेली. आणि अंधार पडायच्या आत घाट सोडा, धुकं उतरलं की पुढची गाडीसुद्धा दिसत नाही.