टर्बो बदलला, पण बूस्ट येईना

जुन्या २.५ लिटर सीआरडीई थारला बाहेरचा मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवला. फिटिंग बिनबोभाट झालं. पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला की बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, गेजवर ०.६ बारला अडकायचा. हवा होता १.२. मागे काळा धूर आणि बॉनेटखाली बारीक सूंऽऽ आवाज.

गॅरेजवाल्यांचं एकच पालुपद, "सर, मॅप परत करावा लागेल." मॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं डिझेल-बूस्टचं सेटिंग. केला. काही फरक नाही. मग त्यांनी वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवायला एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूने सोडणारी झडप) अ‍ॅक्च्युएटरचा (बूस्टच्या दाबाने ती झडप उघडणारी डबी) रॉड आवळला, काटा जरा वर सरकला आणि लगेच बिल पुढे आलं. याचा राग अजून जात नाही. हवा वाटेत गळत असेल तर तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. त्यात वेस्टगेट आवळलं की शाफ्ट-बेअरिंगची वाट लागते. धूरही तेच सांगत होता, डिझेल भरपूर आणि हवा अपुरी. मी प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपात बाहेरून हवा भरून लीक शोधणं, मागत राहिलो. उत्तर काय, तर "आयडलला कुठे लीक दिसतोय?" अहो, आयडलला पाइपात बूस्टच नसतो, मग लीक दिसणार कसा?

शेवटी टायरवाल्याकडे कंप्रेसर होता, तिथे मीच केली. एअर फिल्टरचा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर पीव्हीसी एंड कॅप बसवली, तिला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह लावला आणि रेग्युलेटर १५ पीएसआयवर ठेवला. कॅपसमोर उभं राहू नका, सुटली तर जोरात लागते. साबणाचं पाणी मारलं आणि इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) तोंडाशी, सिलिकॉन रिड्यूसरच्या (लहान-मोठे पाइप जोडणारा होज) खालच्या बाजूला, फेसच फेस! नव्या पाइपाचं टोक सपाट कापलेलं होतं. होज अडकायला उठावाची कड नसल्याने दाब आला की तो सरकायचा. टोकाला कड काढून घेतली, तेल पुसून होज कोरडा बसवला, टी-बोल्ट क्लॅम्प लावले आणि रॉड मूळ जागी आणला. त्याच चढावर काटा १.२ वर! धूर गेला. मॅपला हातही लावला नाही.

टेस्ट करताना ऑइल फिलरमधून थोडी हवा येते, ती पिस्टन रिंगांतून, घाबरू नका. अ‍ॅक्च्युएटरची बारीक नळी फाटली तर बूस्ट वाढतो, कमी होत नाही. म्हणून बूस्ट कमी असताना तिच्या मागे लागू नका. स्कॅनरवरचा एमएपीचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, वरचा मॅप नव्हे) आकडा वातावरणाच्या दाबासकट असतो, त्यातून साधारण एक बार वजा करा. आणि हो, नवा टर्बो पहिल्यांदा सुरू करण्याआधी त्याच्या तेलाच्या भोकातून इंजिन ऑइल घाला. क्लॅम्प मात्र गाडी एक-दोनदा चांगली तापून गार झाली की पुन्हा आवळा.