आधी झाड, मग रोप

रविवार, रात्र

सासवडच्या प्लॉटवर लावायची झाडं आणायला सोलापूर रस्त्याला जायचं होतं, पण मी आबांना आधी पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनला नेलं. हे मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. नर्सरीत वड, बकुळ, चाफा सगळे सारखेच, गुडघ्याएवढे. पिशवीतल्या रोपाकडे बघून पुढचा पसारा कळत नाही. पूर्ण वाढलेल्या झाडाखाली आधी उभं राहावं, त्याची सावली पावलांनी मोजावी आणि मग रोपाला हात लावावा, असं मला फार वाटतं. आबा जन्मभर शेतीत राहिलेले. त्यांना हे सांगावंही लागलं नाही, सकाळी सातला काठी घेऊन दारात तयार होते.

रात्री पाऊस झालेला, त्यामुळे बागेत पाऊल टाकताच ओल्या पाल्याचा वास आला. एकोणचाळीस एकरांची ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया सांभाळते, आणि ती संस्था 1830 सालची. पूर्वी हिला सोल्जर्स गार्डन म्हणत. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि बागेचं नाव बदललं. जानेवारीत इथे फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पण बाग खरी बघायची ती पावसाळ्यात, गर्दी नसताना.

गारंबीपाशी आम्ही खूप वेळ थांबलो. ही वेल आहे हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटतच नाही. खोड माणसाच्या अंगाएवढं जाड आणि मोटेचा नाडा पिळावा तसं पिळलेलं. जमिनीवरून सरपटत जातं, मध्येच उचललं जातं, एका झाडावरून दुसऱ्यावर चढतं. मूळ कुठे नि शेंडा कुठे, याचा पत्ता लागत नाही. हिच्या शेंगा हातभराहून लांब असतात. आतल्या बिया चपट्या, तपकिरी, गुळगुळीत. त्या पाण्यावर तरंगतात आणि ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात जाऊन कुठल्या कुठे किनाऱ्याला लागतात. आबांनी खोडावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला कुणी कापायचं मनात आणलं नाही, म्हणून ही एवढी झाली." पुण्यात रस्तारुंदीसाठी जे चाललंय ते रोज डोळ्यांसमोर असताना हे वाक्य मला लागलं.

बकुळीखाली पावलं टाकली. आबांनी बुंध्यापासून सावलीच्या कडेपर्यंत चालायचं आणि मी मोजायचं. घराच्या भिंतीपासून वीस फूट सोडले तर ती कुणाच्या आड येणार नाही, हे तिथेच ठरलं. बकुळ सावकाश वाढते म्हणून लोक ती टाळतात. मला तर तिचं सावकाश वाढणंच आवडतं. गुलमोहर भराभर वाढतो, पण त्याची मुळं वरवरची असतात आणि मोठ्या वादळात तो आडवा होतो. घराजवळ मी तो लावणार नाही.

हडपसर, लोणी काळभोर मागे टाकून सोरतापवाडीला पोचेस्तोवर अकरा वाजले. तुकोबांची पालखी याच रस्त्यानं नुकतीच पुढे गेलेली. इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या, हिरव्या शेडनेटच्या रांगा. समोरच्या बाजूला पाम, फायकस, रंगीत पानांची झुडपं. बंगल्यांची नि हॉटेलांची मागणी तीच, म्हणून मांडणीही तीच. काही माल थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो. पण वारस, कुंभा, मुचकुंद असं काही विचारलं की समोरचा माणूस थोडा थांबून "नाही हो" म्हणतो. हे ऐकताना वाईट वाटतं. सह्याद्रीच्या इतक्या जवळ असून सह्याद्रीची झाडं मिळू नयेत! मागणी केल्याशिवाय ती कुणी तयार करणार नाही, म्हणून मी प्रत्येक नर्सरीत नावं घेऊन विचारते. अशा झाडांसाठी वनखात्याच्या रोपवाटिकेत चौकशी करणं बरं.

एका नर्सरीत मागच्या बाजूला एक मावशी आंब्याची कलमं बांधत बसल्या होत्या. डोळकाडी, म्हणजे हव्या त्या जातीची काडी, पाचरीसारखी तासायची, खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप, मधोमध चिरायचा, पाचर आत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. बोटं इतकी सराईत की बघत राहावं. त्यांनी मला बजावलं, "ताई, सांध्याच्या खालून फूट आली की लगेच खुडायची. नाहीतर खुंटच वाढंल नि केसर मरंल." हापूसचा मोह आम्ही केला नाही. देशावर केसर जास्त समाधान देतो. त्यांच्याकडूनच दोन कलमं घेतली, सांधा नीट जुळलेला आणि नवी पालवी धरलेली बघून.

पेरूच्या बाबतीत आबा सरदारच हवा म्हणून धरून बसले. या वाणाला लखनौ-49 असंही म्हणतात, पण त्याची निवड झाली ती आपल्या पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत, 1927 साली. फळतज्ज्ञ डॉ. चीमांनी अलाहाबाद सफेदा या पेरूच्या रोपांतून तो निवडला. आबा हे नर्सरीवाल्या मुलाला इतक्या आपुलकीनं सांगत होते की त्यानं हातातलं काम ठेवून ऐकलं. बकूळ मात्र पाच ठिकाणी विचारून शेवटी एका कोपऱ्यात मिळाली, कमरेएवढी, सरळ खोडाची. पिशवीच्या बुडाशी मुळं गोल गुंडाळलेली नाहीत, हे पाहून घेतली.

उरुळी कांचनहून शिंदवणे घाट चढून सासवडला गेलो. घाटात ढग खाली उतरलेले, आबांनी खिडकी उघडी ठेवायला लावली. खड्डे आधीच खणून, शेणखत घालून तयार होते. कलमांचा सांधा मातीच्या वर राहील याची काळजी आबांनी स्वतः घेतली. आधाराच्या काठ्या रोवल्या, सुतळी सैल बांधली. शेजारच्या वाडीतले काका बांधावर येऊन म्हणाले, पुरंदरात येऊन अंजीर लावत नाही म्हणजे काय! खरंच आहे, इथल्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. काड्या तेच देणार आहेत, आणि पाण्याचंही बघतो म्हणाले.

आता गणेशखिंडीतले जुने आंबे आबांना दाखवायचेत. 1873 सालची बाग ती. पाऊस उघडला की एका सकाळी जाऊ, आणि येताना वनखात्याकडे मुचकुंदाची चौकशी करू.