‘बिघाड आढळला नाही’: ग्राफिक्स कार्डाच्या हमीचा माझा अनुभव

‘बिघाड आढळला नाही’ एवढाच शेरा असलेली एक पावती अजूनही माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि ती हाताला लागली की आजही मनस्ताप होतो. माझे १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड तीन वर्षांच्या हमीत होते. सांगलीतील ज्या दुकानातून ते घेतले, त्यांनी पक्क्या बिलाची प्रत दिली, कंपनीकडे तक्रार नोंदवायलाही मदत केली आणि हे सारे दोन दिवसांत उरकले. पुढचे दोन महिने मात्र पुण्यातील अधिकृत सेवा केंद्राच्या एका काउंटरपाशी अडकले.

बिघाड असा होता : ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ सुरू केल्यावर सुमारे चाळीस मिनिटे सर्व सुरळीत चाले, मग पडद्यावर हिरव्या-जांभळ्या चौकोनांची जाळी उमटे, पडदा क्षणभर काळा होई आणि गेम बंद पडे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी ४१०१ क्रमांकाची नोंद सापडे. कार्डाने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करते, त्याची ही नोंद असते. संगणक थंड असताना मात्र कार्डात काही दोष आहे, असे कोणालाही वाटले नसते.

सेवा केंद्राला फोन केला, तेव्हा त्यांनी आधी घरच्या विजेवर बोट ठेवले. ती शंका मला रास्त वाटली, कारण विश्रामबागेतील आमच्या घरात संगणक आणि माझा १५०० वॅटचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) एकाच लाइनवर आहेत. दर रविवारी मी पाव भाजतो, तेव्हा तो ओटीजी एकटाच साडेसहा अँपिअर खेचतो. म्हणून आठवडाभर भाजणे बंद ठेवले, मित्राकडचा पॉवर सप्लाय जोडून पाहिला, जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला, आणि तरीही चाळीस मिनिटांनी तीच जाळी आली. तेव्हा पेठ नाक्यावरून महामार्गाला लागणारी पहाटेची एसटी धरून मी स्वतः पुण्याला गेलो आणि कार्ड जमा केले.

तीन आठवड्यांनी ते कुरिअरने परत आले, सोबत ती पावती. तिच्यावर शेऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत छापले होते : ‘चाचणीचा कालावधी – १० मिनिटे’. माझ्या तक्रारीत ‘चाळीस मिनिटांनंतर’ हे शब्द स्पष्ट होते. फोन केल्यावर उत्तर मिळाले, “सर, आम्ही फरमार्क लावून बघितलं, टेंपरेचर ७४ च्या वर गेलं नाही, कार्ड ओके आहे.” फरमार्क म्हणजे कार्डावर ताण देऊन पाहणारा प्रोग्रॅम. कार्ड खराब असल्याचे मला दिसत होते, चांगले असल्याचे त्यांना दिसत होते, आणि दोघेही खोटे बोलत नव्हतो, संताप याचा की तक्रार वाचून तेवढा वेळ चाचणी चालवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

नंतर वाचन केले तेव्हा उलगडले की फरमार्क कार्डाची मुख्य चिप खूप तापवतो, पण मेमरीचा फार थोडा भाग वापरतो. शिवाय ३०६० वर दिसणारे तापमान मुख्य चिपचे असते, मेमरीचे नव्हे. रंगीत चौकोन दिसले की संशय मेमरीवर घ्यावा, आणि तिच्यासाठी ओसीसीटी या प्रोग्रॅममध्ये वेगळी चाचणी आहे. मी ती घरी लावली. पस्तिसाव्या मिनिटाला चुकांचा आकडा शून्यावरून हलला आणि मग वाढतच गेला. त्या वेळी मला जो आनंद झाला, तो गेम जिंकल्यावरही कधी झाला नव्हता.

त्या चाचणीचे सलग चित्रीकरण, ४१०१ च्या नोंदींची यादी आणि त्या पावतीचा फोटो मी कंपनीला ईमेलने पाठवला. दुसऱ्यांदा कार्ड देताना एका कागदावर ‘किमान एक तास, ओसीसीटीची मेमरी चाचणी’ असे ठळक लिहून तो खोक्यावर चिकटवला आणि पोचपावतीवरही तेच शब्द लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही. असेच कोणी अडकले असेल, तर हा कागद पहिल्याच खेपेस लावावा. मला तो सुचायला दीड महिना गेला.

आणखी एक आठवले : कार्डाच्या पाठीवरील अनुक्रमांकाच्या स्टिकरचा फोटो कार्ड जमा करण्यापूर्वी काढून ठेवावा आणि तोच क्रमांक बिलावर आहे का, हे खरेदीच्या दिवशीच पाहावे. थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलण्याच्या मोहाने कार्ड उघडूही नये, कारण माझ्या कार्डाच्या एका स्क्रूवर बारीक सील होते आणि ते शाबूत आहे का, हेच काउंटरवर सर्वांत आधी तपासले गेले.

नवव्या दिवशी बदली कार्ड मंजूर झाल्याचा संदेश आला. ते बसवल्यावर पहिल्या रविवारी मी मुद्दाम ओटीजीत पाव लावला आणि त्याच वेळी गेम सुरू केला. पाव भाजून, निवून, कापून झाला आणि तीन तासांनंतरही पडदा स्वच्छ होता.