ममी नसलेल्या संग्रहालयात

आमच्या दारात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न "तिकीट किती?" हा नाही. "मॅडम, ममी आहे का?" हा आहे. ममी बघायची तर जयपूरचं अल्बर्ट हॉल, हैदराबाद, कोलकाता असं कुठंतरी गाठायला हवं. आमच्याकडे वीरगळ आहेत, तलवारी आहेत, मोडी कागद, तांब्यापितळेची भांडी आणि अडकित्ते आहेत. हे ऐकलं की निम्मे चेहरे पडतात. त्या पडलेल्या चेहऱ्यांना पुढचा अर्धा तास आत रमवायचं, हे माझं काम. संग्रहालय जिल्ह्याच्या गावातलं, लहानसं, मी कंत्राटी. कागदोपत्री 'मार्गदर्शक', पण फ्यूज उडाला तर वायरमनला फोनही मीच करते.

पुरातत्त्वात एम. ए. आणि मग म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, डिप्लोमा करून मी इथं आले. डिप्लोमात केलेल्यातलं एक प्रात्यक्षिक आजही रोज उपयोगी पडतं. हातात संग्रहालयाचा नकाशा आणि घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसायचं. माणूस कुठून वळतो, कुठे थांबतो, किती सेकंद थांबतो, हे त्याच्या नकळत टिपायचं. अमेरिकेत एडवर्ड रॉबिन्सन आणि आर्थर मेल्टन या मानसशास्त्रज्ञांनी १९२० ते ३०च्या दशकांत असे अभ्यास केले. त्याआधी १९१६ साली बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी एका माणसाला वस्तू बघायला लावून तो कपाटांपुढे कसा वाकतो, उकिडवा बसतो, मान तिरकी करतो याचे फोटो काढले होते. कंबर दुखायला लागली की माणूस बघणं थांबवतो, इतकी साधी गोष्ट. पण आजही गुडघ्याच्या उंचीवर पाट्या लावणारी संग्रहालयं कमी नाहीत.

मी हे प्रात्यक्षिक पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात केलं. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कवी 'अज्ञातवासी'. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. वस्तू वीस हजारांच्या घरात, मांडलेल्या साधारण अडीच हजार. तिथं तलवारींपुढे लोक थांबत, पण गप्प. अडकित्ते, दिवे आणि टाचा घासायच्या पितळी वज्री आल्या की आवाज चढायचे. एक आजी सुनेला सांगत होत्या, "अस्सा अडकित्ता होता आपल्याकडे. तुझ्या सासऱ्यांनी मोडीत घातला." मग सुपारी कशी कातरायची, चिकणी कुठली, पानाचं तबक घरात कुठे असायचं, सगळं निघालं. पाटीवर यातलं काहीच नव्हतं, आणि असण्याची गरजही नव्हती. माझ्या वहीत सेकंदांचे आकडे कमी आणि अशी वाक्यंच जास्त उतरली.

नोकरी लागल्यावर डोक्यात तेच होतं. लोकांनी बोलायला हवं असेल तर त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं. पण कपाटातल्या, नोंदणी क्रमांक पडलेल्या वस्तूला हात लावू देता येत नाही आणि ते बरोबरच आहे. घामात क्षार असतात, आम्ल असतं. पितळेवर उमटलेला ठसा काही दिवसांनी काळा पडून तिथंच बसतो. म्हणून मी वेगळ्या पेटीचा विचार केला: नोंदवहीत नसलेल्या, हाताळून झिजल्या तरी चालतील अशा वस्तू. अडकित्ता, वज्री, फुंकणी, पायली-शेराची मापं, दौत-टाक.

अभिरक्षक (क्युरेटर) सर म्हणाले, "प्रस्ताव द्या." दिला. तो फिरत फिरत परत आला, वर शेरा: खर्चाचं लेखाशीर्ष कोणतं? म्हणजे पैसे हिशेबाच्या कुठल्या खात्यावर टाकायचे? अशा वस्तू स्वस्तात मिळतात त्या पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी. आणि तिथं जमिनीवर पोतं अंथरून बसलेल्या माणसाकडे जीएसटीची पावती मागणार कोण? कोटेशन तीन हवीत म्हटल्यावर तर मी हसलेच. शेवटी वाट सरांनीच काढली. वस्तू विकत घ्यायच्याच नाहीत, देणगी म्हणून घ्यायच्या आणि त्यांची वही वेगळी ठेवायची. पहिली फुंकणी माझ्या आत्याची. नंतर गावातून इतकं आलं की पितळी बंब 'नको, जागा नाही' म्हणून परत पाठवावा लागला.

पण माझी सगळ्यांत आवडती वस्तू पेटीत मावणारी नाही. ती अंगणात उभी आहे, छातीएवढी उंच, काळ्या बसाल्टची. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक, हे एक वाक्य सांगितलं की लोक मान हलवून पुढे जातात. म्हणून मी ते वाक्य सांगतच नाही. मी विचारते, "इथं काय चाललंय?" आणि गप्प बसते. ही पद्धत माझी नाही. फिलिप येनावाइन आणि अॅबिगेल हाउसन यांनी चित्रं बघण्यासाठी बसवलेले तीनच प्रश्न आहेत: काय चाललंय, कशावरून म्हणता, आणि अजून काय दिसतंय. यातला अवघड भाग प्रश्नांचा नाही, त्यानंतर गप्प बसण्याचा आहे. विशेषतः ज्याला उत्तर येतं त्याच्यासाठी. मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. सात-आठच्या सुमारास कुणीतरी बोलतंच.

मुलं बहुतेकदा वरून सुरुवात करतात आणि अडकतात, कारण वीरगळ वाचायचा खालून वर, जिन्यासारखा. आमच्या वीरगळावर अगदी खाली एक माणूस आडवा पडलाय आणि शेजारी गाई आहेत. त्यावरच्या चौकटीत ढाल-तलवारीची लढाई. त्याच्यावर दोन बायका त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. सगळ्यांत वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. "गाई कशाला?" असं एखादा विचारतो, दुसरा म्हणतो, "चोरायला आले असतील." बरोबर! गाईगुरं पळवणाऱ्यांशी लढताना माणसं मरत, गाव त्यांचे दगड उभे करी. चंद्र-सूर्य कशाला, हे मोठी माणसं सांगतात. दानपत्रातली 'आचंद्रसूर्य', म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, ही भाषा माहीत असलेलं गटात कुणीतरी असतंच. माझ्या वाट्याला मग शेवटचं थोडंसं उरतं: साल कोरलेलं नाही, नाव नाही, हा कोण होता ते कळत नाही. गंमत अशी की नाव नाही म्हटल्यावर लोक अजून जवळ जाऊन बघतात.

शाळांच्या सहली हे वेगळंच प्रकरण. हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. बस उतरते, शंभराच्या वर पोरं, पुढे वॉटर पार्क गाठायचा असतो आणि आमच्यासाठी वीस मिनिटं. शिक्षक दारातच ओरडतात, "सगळं लिहून घ्या रे!" मग पोरं वस्तूकडे पाठ करून पाट्या उतरवतात. यावर मी खूप डोकं घातलं. आता जुलैतच शाळांना पत्र जातं: पंचवीसचे गट करा, वह्या बसमध्ये ठेवा, आम्ही कागद आणि पेन्सिल देतो. प्रत्येकानं फक्त एक वस्तू निवडून काढायची. चित्र कसंही येऊ दे, पण काढायचं तर बघावंच लागतं. काही शिक्षकांना हे पटत नाही. 'प्रकल्पवहीत माहिती काय लिहायची?' हा त्यांचा प्रश्न खराच आहे. त्यांच्यासाठी एक पानाची माहिती छापून ठेवलीय, ती निघताना मिळते, आधी नाही.

"इतका अंधार का ठेवलाय, बिल वाचवता का?" हा पैठण्यांच्या खोलीतला नेहमीचा टोमणा. कापड, कागद आणि जलरंगांवर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको असतो. झालेलं नुकसान भरून येत नाही, साठत जातं. हे मी आता दाराशीच सांगते आणि डोळे सरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबवते. टोमणे थांबले नाहीत, कमी झाले.

अंधशाळेची मुलं आली तेव्हा सरांनी स्वतःहून अंगणातला वीरगळ हातानं बघू द्यायला परवानगी दिली. उन्हापावसात उभा असलेला बसाल्ट, धुतलेल्या हातांनी त्याचं काही बिघडत नाही. त्यांचे हात आपोआप खालूनच सुरू झाले आणि गाईची शिंगं त्यांना पहिल्या मिनिटात सापडली. डोळस गटांना तेवढ्यात ढालही सापडत नाही. त्यानंतर आम्ही दोन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती करून घेतल्या. लेखाशीर्ष यावेळी होतं!

नाणी घेऊन येणारे मात्र मला अजून जड जातात. रुमालात जपून आणलेलं नाणं, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. कुणीतरी त्यांना लाखांचा भाव सांगितलेला असतो. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. हे सरळ तोंडावर सांगितलं तर माणूस दुखावतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून मी खरं कंपनीचं तांब्याचं नाणं आणि त्यांचं नाणं भिंगाखाली शेजारी ठेवते, आणि पुन्हा तेच: काय दिसतंय? अक्षरांची धार, कडेची झीज, वजन. बरेच जण स्वतःच ओळखतात. काही जण मात्र मलाच काही येत नाही असं म्हणून जातात. चालायचंच.

सध्या वेगळाच व्याप वाढलाय. वीरगळ बघून गेलेले लोक फोन करतात: "अहो, असले दगड आमच्या मारुतीच्या देवळामागं पडलेत, शेंदूर फासलेले, घेऊन येऊ का?" आणू नका, असं मी सांगते. घासू नका, ऑइलपेंट लावू नका, सिमेंटात गाडू नका. चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी मापासाठी पट्टी ठेवा आणि गावाचं नाव, जागा लिहून पाठवा. फोटोंसाठी वेगळी वही केलीय. सरांनी विचारलं, "याचं लेखाशीर्ष?" वही माझ्या पैशांची आहे म्हटलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या दगडांचे फोटो आणून दिले.